नीळ दिलेलं पीस

दर रविवारी तलावावर दिसणारा तो म्हातारा मूळचा इतवारी पेठेतला विणकर. माग सुटला, पण बोटांना स्वस्थ बसवत नव्हतं. गळावर पिसं धरून रेशमी धाग्यानं तो खोट्या माश्या बांधायचा आणि त्या खऱ्या समजून गिळणारे मासे पकडायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा मोठ्या तोऱ्यात मी त्याला नीलकंठ पक्ष्याचं निळंशार पीस दिलं. विंचू दिसल्यासारखा तो मागे सरकला.

"फेका गा ते! त्या पाखराचं पीस जवळ ठेवणं गुन्हा आहे."

"अहो, पडलेलं सापडलं."

"फारेस्टवाल्यानं विचारलं तं पीस सांगन का, मी आपल्या मनानं पडलो म्हणून?"

मी ते गवतात फेकलं. तो घरच्या कोंबडीची पिसं कपड्यांच्या निळीत बुडवून वापरायचा. पुढच्या रविवारी त्याची दहाही बोटं निळी होती.

"मासोळीले चालते," तो कुरकुरला, "पण मलेच त्या पाखराचा रंग जमून नाही राहिला. कुठं फेकलं होतं गा ते पीस?"

तेवढ्यात समोरच्या तारेवर नीलकंठच येऊन बसला. म्हाताऱ्यानं एक डोळा मिटून कोंबडीचं नीळ दिलेलं पीस त्याच्या दिशेनं धरलं. बाजूला टेकवलेली गळाची काठी मासा पाण्यात ओढून नेत होता, त्याचा याला पत्ताच नाही.

"हलू नको गा राजा," तो पाखराला म्हणाला, "पंख उघड जरासा."