मामीचं सदाफुलीचं कौतुक

माझी मामी रक्त तपासते. प्रयोगशाळेतली नोकरीच आहे ती तिची, पण घरीसुद्धा कशाच्या मुळाशी गेल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मिरची का झोंबते, असं तिला विचारायची सोय नाही. ताटातलं सगळं गार होतं.

मध्यंतरी तिला सदाफुलीनं झपाटलं होतं. कुणी न लावता जिन्याखाली उगवणारं ते फूल! "त्याच्या पानांतलं द्रव्य रक्ताच्या आजारावर चालतं, आहे की नाही कमाल?" हे तिनं इतक्यांदा ऐकवलं की मला त्या फुलाचाच राग यायला लागला.

मामा शिंपी. बोलणं कमी, हसणं जास्त. त्याला ताप आला, तोंडात फोड आले. मामीनं स्वतःच त्याचं रक्त काढून नेलं आणि परत आली ती घाबरीघुबरी होऊन. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या होत्या. रोगाशी झुंजायला त्याच नसल्या, तर साधा तापही जिवावर बेततो. आम्ही त्याला तडक दवाखान्यात भरती केलं.

"पण का?" मामीचं एकच पालुपद. घर उलथंपालथं करून ती मामाच्या दुकानात शिरली. मी मागोमाग. कापडाच्या ताग्यांआड थर्मास सापडला. तळाशी उकळलेली पानं. तिनं ती बोटांनी उलगडून पाहिली आणि तशीच दवाखान्यात धावली.

"हे काय पीत होता?"

"तूच म्हणालीस ना, रक्ताच्या आजारावर चालतं," मामा ओशाळला. "माझी साखर रक्तातच वाढलीय की. उतरली की तुला सांगणार होतो."

मी कपाळावर हात मारला. मामी म्हणायची तो रक्ताचा आजार म्हणजे रक्ताचा कॅन्सर! ते द्रव्य पेशींची वाढ रोखतं, म्हणून शुद्ध करून, जपून, इंजेक्शनानं देतात. आमचा मामा मूठमूठ पानं उकळून पीत होता. गंमत म्हणजे संशोधकही आधी साखरेवरचंच औषध शोधत होते, हाती लागलं हे. डॉक्टरांना सगळं सांगताना मामीनं तेवढ्यातही हे सांगून घेतलंच.

काढा सुटला, उपचार झाले, पेशी हळूहळू वाढल्या. मामी मात्र त्याला एका शब्दानं बोलली नाही. घरी आल्यावर मामालाच राहवेना.

"अगं, ओरड की एकदाची!"

तिचे डोळे भरून आले. "तुम्हाला काही झालं असतं, तर कुणावर ओरडले असते हो मी?"