नावं चिकटवलेलं गाव

आमच्या शाळेचं वर्ष कागदावर मार्चमध्ये संपतं. एप्रिलमध्ये पोरं नव्या वर्गात बसतात, नवी पुस्तकं हुंगतात आणि मे लागला की सुट्टी. पण पोरांच्या लेखी वर्ष संपतं ते एप्रिलच्या अखेरीस. तोवर मोहफुलं वेचून झालेली असतात, लग्नं सुरू झालेली असतात आणि वर्गात बसायला एकही सबळ कारण उरलेलं नसतं.

मी राहते मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आणि शिकवते किरनापूरच्या पुढे, लांजी रस्त्यावरच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत. गाव घरी मराठी बोलतं, शाळा हिंदीत चालते आणि पोरं मधल्या वाटेवर जी भाषा सापडेल ती बोलतात. शिकवणारे आम्ही दोघंच. मी आणि हेडमास्तर. हेडमास्तर सिवनीकडचे, निवृत्तीला टेकलेले. आपल्या कारकिर्दीत आता काही घडू नये, एवढीच त्यांची इच्छा.

सुट्टीत पोरं अक्षरं विसरतात, हे माझं जुनं दुखणं. जूनमध्ये शाळा उघडली की दुसरीतलं पोर ‘भ’ आणि ‘म’कडे असं बघतं, जणू कुठल्या तरी लग्नात ओझरती भेटलेली दूरची पाहुणेमंडळी. दर वर्षी आम्ही मोबाइलवर अभ्यास पाठवतो. मोबाइल असतो बापाच्या खिशात आणि बाप असतो नागपूरला, कुठल्यातरी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर.

त्या वर्षी मी ठरवलं, अभ्यास पोरांच्या घरीच चिकटवून यायचा. घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिचं नाव लावायचं. येता-जाता नजर पडेल, वाचणं होईल. शेवटच्या आठवड्यात वर्गात तोच उद्योग केला. कागद पुरेना, तेव्हा पोरांनी घरून जुन्या लग्नपत्रिका आणल्या. प्रत्येक घरात त्यांचा गठ्ठा असतोच, कारण वर गणपती असतो आणि गणपती फेकता येत नाही. मागची बाजू कोरी आणि पुठ्ठा चांगला.

हेडमास्तरांनी एक पत्रिका उलटसुलट करून पाहिली. “मैडम, इस पर भैंस लिखा है.”

“जी सर. भैंस पर लगाएँगे.”

“और पीछे गणेश जी हैं.”

मग आम्ही अर्धा दिवस गणपती कापले. ते सगळे हेडमास्तरांनी एका पिशवीत भरून कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवले.

या कामात माझा उजवा हात होती चौथीतली एक मुलगी. आवाज खणखणीत, स्वभाव ठाणेदाराचा. लहानांच्या हाती चिठ्ठ्या देताना ती दम भरायची, “खय पातय केली तं पडन. पडन तं म्या पाहीन.” भात चेपून केलेली ही खळ अशी काही चिकट निघाली, की सुट्टी लागण्याआधीच शाळेचा दरवाजा, खिडकी, घंटा आणि हेडमास्तरांची खुर्ची आपापली नावं मिरवू लागली.

मेच्या पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरांचा फोन आला. गावातला किराणा दुकानदार शाळेवर येऊन गेला होता. फार रागावला होता. कशाबद्दल ते फोनवर सांगायला हेडमास्तर तयार नव्हते. मी दुपारची बस धरून गेले.

दुकानदार दुकानाबाहेर उभा होता. त्यानं दाराकडे बोट केलं. दारावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं, ‘भैंस’.

“दोन दिवस झाले, मॅडम,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक येते, वरतं पाह्यते, मंग माह्याकडं पाह्यते आन् हासते. मले वाटलं आपला धंदा वाढून राह्यला. मी काय म्हैस हाओ का?”

चौकशी केल्यावर उलगडा झाला. चिठ्ठी लावली होती म्हशीलाच. म्हैस दुकानदाराची. ती तळ्यात डुंबून आली तेव्हा चिठ्ठी दारापाशी गळून पडली. दुसरीतल्या दोन पोरांना ती सापडली. कुणाच्या घरचं अक्षर वाया जाऊ नये म्हणून त्यांनी इमानदारीनं ज्याची म्हैस त्याच्या दारावर ती नव्या खळीनं लावून दिली. मी दुकानदाराची माफी मागितली आणि चिठ्ठी काढायला गेले, तर निघेना. शेवटी त्यानंच खालच्या बाजूला खडूनं लिहिलं, ‘का चारा मिलता है’. तो चारा विकत नव्हता. पण अब्रू वाचली.

तिथून मी परतणार, तोच ठाणेदारीण धावत आली. “मॅडम, आजा बलावते. आजा लय तापला हाय.”

तिचा आजा विहिरीच्या काठावर, कडुनिंबाच्या सावलीत बसला होता. लहानपणी सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या आमगावला मामाकडे राहून तो मराठी शाळेत शिकला होता. त्यानंतर त्यानं आयुष्यभर शेती केली होती आणि त्या चार इयत्ता जपून ठेवल्या होत्या. विहिरीच्या कठड्यावर चिठ्ठी होती, ‘कुआँ’.

“बाई, बसा,” तो म्हणाला. मी बसले. “हे काय हाय?”

“कुआँ,” मी म्हटलं.

“माह्या बापानं इथं विहीर खनली. सहा हात खाली दगड लागला, तवा त्यानं सुरुंग लावला. पानी लागलं, तवा गावाले गूळ वाटला. त्यानं कुआँ नाई खनला.”

“पण आजा, शाळेच्या पुस्तकात कुआँच आहे.”

“पुस्तकाच्या विहिरीले म्हना कुआँ. हे माही हाय.”

माझ्या घरीही हीच गत होती. वडील मराठीत हाक मारत, आम्ही भावंडं हिंदीत ओ देत असू. मी पर्समधला पेन काढून त्याच्या हातात दिला. त्यानं पत्रिकेच्या तुकड्यावर सावकाश, नांगर धरल्यासारखा पेन धरून ‘विहीर’ लिहिलं आणि ते ‘कुआँ’च्या वर लावायला नातीला सांगितलं. वर म्हणजे वर. बाजूला त्याला चाललं नसतं.

मग त्याला चेव चढला. त्यानं मुसळ मागवलं. त्यावर ‘मूसल’ होतंच. त्यानं लिहिलं, ‘मुसळ’. पोरगी ते अक्षर बघतच राहिली.

“आजा, हे काय काढलं?”

“ळ.”

“हे आमच्याकडं नाई. मॅडमनं शिकोलं नाई. आन् तू तं मुसय म्हन्ते.”

“मुसयच म्हन्तात.”

“मंग य लिह्य ना.”

आजानं माझ्याकडे पाहिलं. मी आजाकडे पाहिलं. बोलायचा य आणि लिहायचा ळ, हे का, ते मला बी.एड.मध्ये कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी आजाच म्हणाला, “पोरी, घरी आपन बनियनवर बसतो, लग्नात कोट घालतो. तसं हाय. ळ हा कोट हाय.” पोरीला ते पटलं. मला तर आजही त्याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

त्या दिवसापासून सुट्टीचा अभ्यास माझ्या हातातून गेला. प्रत्येक वस्तूवर दुसरी चिठ्ठी हवी झाली आणि ती लिहायला म्हातारे लागू लागले. सकाळी पारावर चार म्हातारे बसत, पोरं वस्तू घेऊन रांगेत उभी राहत. मी दर आठवड्याला बसनं जाऊन बघायचे. एकदा गेले तर खाटेवरून जुंपली होती. एकाचं म्हणणं हिला खाट म्हणायचं, दुसऱ्याचं म्हणणं बाज. तिसरा म्हणे, दोरीची ती बाज आणि नवारीची ती खाट. चौथा बहिरा होता, त्याला भांडण जमिनीचं वाटत होतं आणि तो मोजणी करा म्हणून सांगत होता. पोरं दोन्ही शब्द लिहून मोकळी झाली. ती खाट दोन दिवस पारावरच राहिली, कारण निकाल लागेपर्यंत ती घरी न्यायची नाही असं ठाणेदारणीनं बजावलं होतं. खाटेची मालकीण जमिनीवर झोपत होती.

मेच्या अखेरीस ठाणेदारणीच्या घरी लग्न होतं, तिच्या आत्याचं. वऱ्हाड लांजीकडून येणार होतं. मला आमंत्रण होतं. मी मांडवात पाय ठेवला. मांडवाच्या खांबाखांबावर चिठ्ठी. पाण्याच्या टाकीवर, भाताच्या घंगाळावर, आहेराच्या टेबलावर चिठ्ठी. मानाच्या खुर्चीवर ‘समधी’ आणि त्याच्या वर आजाच्या अक्षरात ‘इवाई’, म्हणजे व्याही. ठाणेदारणीचा बाप, म्हणजे नवरीचा भाऊ, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “मॅडम, तुमच्या शिक्षनानं आज इज्जत राह्यली पायजे.”

नवऱ्या मुलाचे वडील उंच, शिडशिडीत, पांढरा कुर्ता, चेहऱ्यावर हसू नाही. लग्न ठरतानाही ते मोजकं बोलले होते आणि त्या मोजक्या बोलण्याचा या घरानं धसका घेतला होता. ते इवाईच्या खुर्चीवर बसले नाहीत. उकाडा होता, पंखा खांबाजवळ होता, म्हणून ते खांबाला टेकून उभे राहिले. बराच वेळ राहिले. मग पाहुण्यांना भेटायला निघाले, तेव्हा घामानं भिजलेली चिठ्ठी खांबावरून सुटून, उलटून त्यांच्या पाठीला चिकटली होती. पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, ‘खांब’.

ते मांडवभर फिरले. समोरून माणसं हात जोडत होती आणि ते पुढे गेले की मागून पदर आणि रुमाल तोंडाला लागत होते. कुणी सांगेना. मुलीकडच्यांची सांगायची हिंमत नव्हती आणि मुलाकडच्यांना, मला वाटतं, सांगायचंच नव्हतं. पोरीच्या बापानं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मला जाणं भाग पडलं.

मी मागून गेले आणि दोन बोटांनी चिठ्ठीचा कोपरा धरला. तेवढ्यात ते वळले.

“काय झालं, बाई?”

“काही नाही. कागद लागला होता.”

“पाहू.”

त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, चष्मा लावला, वाचली. वाजंत्रीवाल्यांनीही नेमका तेव्हाच दम घेतला होता. “हे कोनाचं काम हाय?” त्यांनी विचारलं. पोरीचा बाप पुढे झाला, पण त्याच्या आधी पोरगी पुढे झाली.

“माह्यं,” ती म्हणाली. “पन म्या खांबाले लावलं होतं. तुमीच टेकले.”

मग त्यांनी चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि आपली छाती पुढे केली. “मंग पाठीमांगं काहून? समोरून लाव. माह्या घरचा खांब मीच हाओ. बायकोले वीस वर्सं झाले सांगून राह्यलो, तिले पटत नाई. आता वाचू दे.”

पोरीनं ताजी खळ आणून चिठ्ठी लावून दिली. पलीकडे बायकांत बसलेल्या त्यांच्या पत्नीनं ती वाचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हौ, खांबच. जागचा हालत नाई.” त्यावर मात्र ते हसले. पोरीच्या बापानं खुर्ची शोधली आणि तो चुकून इवाईच्या मानाच्या खुर्चीवरच बसला. जेवणं उशिरापर्यंत चालली.

जूनमध्ये शाळा उघडली. मी मोठ्या हौसेनं दुसरीच्या पोरांसमोर फळ्यावर लिहिलं, ‘विहीर’. सगळे गप्प. ‘खाट’. गप्प. मला रडू यायचं बाकी होतं. मग एका पोरानं सांगितलं, “मॅडम, तिथं गेलो का वाचता येते.” म्हणून मी त्यांना विहिरीवर नेलं. तिथं त्यांनी ‘विहीर’ वाचलं, ‘कुआँ’ वाचलं, शेजारच्या बादलीवरची आणि दोरावरची चिठ्ठीही धडाधड वाचली. शब्द येत होते, पण ते वस्तूला बांधलेले होते. सोडवून आणणं माझं काम होतं.

तेव्हा पहिले काही दिवस वर्गच गावातून फिरला. पोरं वस्तूसमोर उभी राहून शब्द वाचत, मग पाठ करून तोच शब्द पाटीवर लिहीत, मग शेजाऱ्याची पाटी वाचत. आजा काठी टेकत मागून यायचा आणि चुका काढायचा, बहुतेक माझ्या.

त्याच दिवसांत आसपासच्या शाळा तपासणारे साहेब मोटरसायकलवर आले. शाळेत फक्त हेडमास्तर, आपल्या नावाच्या खुर्चीवर बसलेले. साहेबांनी विचारलं, बच्चे कहाँ हैं? हेडमास्तर गडबडले, बाहेर आले आणि रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईला त्यांनी तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, “शाया? शाया आत्ताच गोठ्याकडं गेली.”

साहेब गोठ्यात आले तेव्हा दुसरीतलं सगळ्यात लहान पोर गव्हाणीवरची चिठ्ठी वाचत होतं. साहेबांनी डायरीत एक शब्द लिहून त्याच्यासमोर धरला. ‘मकान’. हा शब्द कुठल्याच भिंतीवर नव्हता, सगळ्यांनी ‘घर’ लिहिलं होतं. पोरानं म वाचला, मग का, मग न. थांबलं. तोंडातल्या तोंडात जोडलं आणि म्हणालं, “मकान.” मग आजाकडे वळून म्हणालं, “म्हंजे घर.”

साहेबांनी डायरी मिटली. जाताना मोटरसायकलला किक मारत त्यांनी मला विचारलं, “मैडम, बरसात में क्लास कहाँ लगाएँगी?”

“यहीं, सर,” मी म्हटलं. “बैल मान गए तो.”