प्रमोशन म्हणजे बदलीच

महाराज बाडा चौकातल्या आमच्या बँकेत दुपारी साहेब म्हणाले, “मॅडम, आपका प्रमोशन हो गया. भोपाळ जाना होगा.”

घरी येऊन मी सासूबाईंना ‘बढती मिळाली’ म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे बदलीच की!”

बारावीमुळे मुलीला इथेच ठेवावं लागणार होतं. ती म्हणाली, “तरक्की है तो तुम खुश क्यों नहीं हो, आई?”

‘भाजी आणते’ म्हणून मी जवळच्या पाटणकर बाजारात गेले, दोन फेऱ्या मारल्या आणि रिकामीच पिशवी घेऊन परतले. मुलगी दारातच उभी होती.

“हो म्हण,” ती म्हणाली, या वेळी मराठीत.

सकाळी बँकेत जाऊन मी होकार कळवला. पण दिवसभर काही केल्या खुर्चीत बसवेना.