त्या वर्षीची सुकेळी
केळीच्या वाळक्या पानात बांधलेल्या सुकेळ्यांचा वास आला की मला सैन्यातला तो हिवाळा आठवतो. सांडोरच्या आमच्या वाडीतली केळी उन्हात सुकवून वडील दरवर्षी मला सीमेवर पाठवायचे. त्या वर्षीची जरा जास्तच मऊ निघाली. तुकडीत सगळ्यांनी वाटून खाल्ली आणि मी फोनवर मोठ्या भावाला म्हणालो, "दादा, बाबांना सांग, म्हातारपणी हात सुधारला!" "सांगतो," तो हसला, "वाडीत गेलेत आता." पुढे सुट्टीवर आलो तेव्हा त्याने मला स्टेशनवरून घरी न नेता थेट चर्चच्या दफनभूमीत नेलं. तिथे एका क्रुसावर वडिलांचं नाव होतं. "ती सुकेळी मीच केली होती रे," तो म्हणाला. "बाबा गेले तेव्हा बर्फाने तुझी वाट बंद होती. तुला येता आलं नसतं, उगाच तिथे रडत बसला असतास." गावातल्या प्रत्येकाने कबरीत मूठभर माती टाकली होती, आणि मी मात्र गेलेल्या बापाची थट्टा करत गोड खात होतो. निवृत्त होऊन आता मी इथेच राहतो. दादाची माया खरी आहे, हे मला कळतं. तरीही तो "बाबा म्हणायचे" असं बोलू लागला की मी उठून बाहेर जातो. ते खरंच बाबा म्हणाले होते का, हे मला त्याला विचारवत नाही.