झुल्यावरचे दोघे आणि बदलापूरचा वारा

मंगळवारी दुपारी जेवणं उरकून मी फोन घेऊन बसले, आणि बदलापूरच्या डोक्यावर लालभडक डाग दिसला.

डाग म्हणजे फोनवरच्या रडारच्या चित्रातला. हिरवा म्हणजे साधा पाऊस, पिवळा म्हणजे जोराचा, आणि लाल म्हणजे... आधी खिडक्या लावा, मग बोला! हे मला कुणी शिकवलं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पलंगावर पडल्या पडल्या अमेरिकेतले व्हिडिओ बघायचे. तिकडे टोर्नेडो येतो, म्हणजे जमिनीपासून आभाळापर्यंत गरगरणारी वावटळ, आणि काही माणसं गाडी काढून तिच्या मागे लागतात. जग वादळापासून पळतं, हे वादळाच्या पाठी! मला त्याचं वेडच लागलं.

आपल्याकडे तसली वावटळ नाही, पण मे महिन्यातला वळीवही काही साधा नसतो. आणि तो समुद्राकडून येत नाही. आमची मुलुंडची माणसं पश्चिमेला बघून म्हणतात, आभाळ स्वच्छ आहे... आणि हा येतो मागच्या दारानं, बदलापूरकडून.

रडारचं चित्र जरा शिळं असतं. म्हणून ताजी खबर मी नातेवाइकांकडून घेते. नणंद बदलापूरला, धाकटी बहीण डोंबिवलीला, भाचा ठाण्याला... देवानं माझं गोत बरोबर वादळाच्या वाटेवर पेरलंय.

नणंदेला फोन लावला. "वहिनी, नंतर बोलते, शेजारचा पत्रा आमच्या अंगणात आलाय!" म्हणाली नि फोन कट.

एरवी मी दोरीवरचे कपडे काढून मोकळी झाले असते. पण सध्या आमच्या बिल्डिंगला रंग लागतोय. चौथ्या मजल्यावर, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी, राजू आणि त्याचा जोडीदार झुल्यावर बसून रंग मारत होते. झुला म्हणजे काय, गच्चीवरून सोडलेले दोर आणि त्यांना बांधलेली एक फळी. मुकादम रंगाचे डबे आणायला भांडुपला गेलेला.

"राजू, खाली उतरा रे बाबांनो. वादळ येतंय."

"काकू, ऊन बघा की कसलं पडलंय!" तो हसला. "हा पट्टा अर्धा सोडला तर भिंतीवर जोड दिसतो. मुकादम बोंबलत बसतो मग."

खोटं नव्हतं त्याचं. ऊन अगदी डोळ्यांत खुपत होतं.

बहिणीला फोन केला. "अगं ताई, धूळ नुसती! समोरची बिल्डिंग दिसेना." लगेच भाच्याला लावला, तर तो आरामात. "मावशी, ठाण्यात पान हलत नाहीये. झोप जरा तू."

आणि बघते तर काय, डागही फिका पडायला लागलेला. लालाचा पिवळा.

आता आली का पंचाईत! मागे एकदा माझ्या सांगण्यावरून अख्ख्या बिल्डिंगनं गच्चीवरच्या अर्ध्या ओल्या कुरडया गोळा केल्या होत्या, आणि नंतर थेंब पडला नाही. तेव्हापासून लिफ्टमध्ये जो तो विचारतो, "काय मावशी, आज छत्री नेऊ का?"

आमचे हे पेपरमागून सगळं ऐकत होते. मी म्हटलं, "अहो, नाहीच आलं तर? पोरांचं काम मोडायचं, वर शिव्या त्यांनाच..."

ते उठले. "नाही आलं तर नाही आलं. आमरस कुठं फुकट जाणार आहे?"

"कुठला आमरस?"

पण ते खिडकीत पोचले होते. "ए राजू! आमरस-पुरी केलीय! पुऱ्या गरम आहेत, दोघं लगेच या, नाहीतर मी संपवतो!"

रडारनं जे झालं नाही ते पुरीनं केलं. झुला सरसर खाली गेला की हो!

"अहो, कणीकसुद्धा भिजवलेली नाही," मी कपाळाला हात लावला. हे शांतपणे म्हणाले, "ते खाली झुला बांधून मग वर येतायत. तोवर आंबे तर पिळ."

पोरं हातपाय धुऊन पाटावर बसली. सकाळच्याच पोळ्या वाढल्या. "काकू, पुऱ्या?" राजूनं विचारलं. "काका थापा मारतात," मी म्हटलं. दोघं खो खो हसली...

आणि उजेडच बदलला. कुणी तरी खिडकीवर पिवळा पडदा ओढावा तसं झालं. धुळीचा एक लोट आला, दारं आपटली, लाइट गेली. मग भिंतीवर असा आवाज झाला की भांडी मांडणीवर थरथरली.

झुल्याची फळी होती ती. खाली बांधलेली सुटली, वाऱ्यानं उचलली, आणि दोराला लोंबकळत एकदा या भिंतीवर, एकदा त्या भिंतीवर... एका टोकाचं लाकूड फुटून उडालं.

राजूचा हात वाटीतच राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

यांनी दोघांच्या वाट्या पुन्हा भरल्या.

वारा जरा ओसरला, पाऊस सुरू झाला, आणि राजूचा फोन वाजला. गावाहून आई. तिचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "जेवलास का रे?"

"जेवलो की. आमरस होता... नाही गं, पुऱ्या नव्हत्या, पोळीच. काम बंद आहे आत्ता. पाऊस आलाय जरासा."

जरासा!

असू दे. त्या माउलीला आज तेवढंच कळलेलं बरं. ती फेसबुकवर नाही, म्हणून तर इथं मोकळेपणानं लिहिलं.