बिनब्लेडची दाढी

टेंभुर्णीच्या कडूबा कंडक्टरच्या डोक्यावर केस नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ केसांचाच आहे. एसटीत पस्तीस वर्षं तिकिटं फाडून आणि घंटी मारून ते निवृत्त झाले. निवृत्त माणूस एक तर भजनाला लागतो, नाही तर राजकारणाला. कडूबा बास्केटबॉलला लागले.

टेंभुर्णीत बास्केटबॉल आला कुठून, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. शाळेमागच्या मैदानात कसल्याशा योजनेतून सिमेंटचा चौक झाला, दोन टोकांना दोन खांब उभे राहिले आणि खांबांना लोखंडी कड्या लागल्या. लोकांनी तीन वर्षं त्या चौकावर सोयाबीन वाळवलं आणि खांबांना गोऱ्हे बांधले. कडूबांनी मात्र जालन्याला गाडी लागायची वाट पाहता पाहता शेजारच्या मैदानावर पोरांना हा खेळ खेळताना पाहिलं होतं. नियम अर्धेच कळले होते, पण अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायला तेवढे पुरतात. त्यांनी सोयाबीन हटवलं, गोऱ्हे सोडले आणि संघ उभा केला. शिकवणं म्हणाल तर एकच. चौकाच्या कडेला उभं राहून ते भरल्या गाडीत ओरडावं तसं ओरडायचे, "पुढं सरका! पुढं जागा हाय, पुढं सरका!"

संघात पाच जण होते. मोबाईल दुरुस्तीवाला शाहरुख, जिल्हा परिषद शाळेतले बुद्धभूषण गुरुजी, तुळजाबाईंचे दोन मुलगे, जे एकमेकांशिवाय कुठं जात नसत म्हणून दोघंही घ्यावे लागले, आणि प्रेम. खरं सांगायचं तर संघ म्हणजे प्रेमच. बाकीचे चौघे चेंडू त्याच्यापर्यंत पोचवण्याच्या कामाला होते, आणि तेही त्यांना दहातून चार वेळा जमायचं. सव्वासहा फूट उंचीच्या प्रेमनं हात वर केला की कडी त्याच्या हाताला लागायला फार अंतर उरत नसे.

या प्रेमचं केशकर्तनालय होतं. वडील कचरू लिंबाखाली पेटी घेऊन बसायचे. मुलानं गाळा घेतला, आरसे लावले, फिरती खुर्ची आणली. पण उंचीमुळं त्याला प्रत्येक डोक्यावर कमानीसारखं वाकावं लागे आणि कंबर धरून उठावं लागे. त्यात बसस्टँडजवळ तीन नवीन दुकानं झाली. तिथं गारेगार हवा आणि मोठी गाणी. प्रेमची खुर्ची दिवसातून चार तास नुसती फिरायची.

एके दिवशी गिरिजाबाई दळण घेऊन घरी आल्या त्या बातमी घेऊनच.

"आवो, प्रेम राजूरला गाळा पाहून आल्ता म्हणं. त्याची बायको पायल, तिनंच सांगितलं मला."

कडूबांचा चहा बशीतच राहिला. "राजूरला कशापायी?"

"तिथल्या पेढेवाल्यानं बोलावलं. गणपतीच्या देवळाजवळ गाळा हाय त्याचा. दर्शनाला माणूस रोजच येतं, डोक्याला काय तोटा? फक्त म्हन्तो, खेळायचं राजूरकडून."

तो पेढेवाला म्हणजे राजूरच्या संघाचा कप्तान. कडूबा ताडकन उठले. "लई बेकार माणूस हाय तो! आपला गडी पळवून राह्यला!"

"गडी पळवून राह्यला म्हणं! त्याचं दुकान रिकामं, आन तुमी त्याला कडीखाली उभं करून राह्यले. उंचीनं पोट भरतंय का?" गिरिजाबाई पिठाचा डबा उचलून आत गेल्या.

बायकोचं बोलणं कडूबांना लागलं, पण त्यांनी त्यातून भलताच धडा घेतला. दुकान रिकामं आहे ना? मग भरू. त्याच संध्याकाळी त्यांनी प्रेम सोडून चौघांना शाळेमागं बोलावलं आणि फर्मान काढलं. आजपासून कटिंग दर चार दिवसांनी, दाढी रोज, आणि सगळं प्रेमकडंच. त्याला मात्र बिलकुल कळू द्यायचं नाही.

"सर, चार दिवसांत केस वाढत न्हाईत," बुद्धभूषण गुरुजी म्हणाले. ते विज्ञान शिकवायचे.

"मंग बारीक करत जा! संघ टिकवायचाय का न्हाई?"

संघ टिकवायचाच होता. पोळ्याच्या आधी आठ दिवस हे व्रत सुरू झालं. पहिल्या आठवड्यात चौघे शिस्तीचे पोलीस दिसायला लागले. दुसऱ्या आठवड्यात मशीन शून्यावर आलं. तिसऱ्या आठवड्यात चौघांची डोकी गुळगुळीत झाली, आणि डोक्यावरचं संपलं तेव्हा तुळजाबाईंच्या मुलांनी मिशाही दिल्या. कडूबांची अडचण वेगळीच. त्यांच्याजवळ द्यायला केस नव्हतेच, म्हणून ते दाढी सकाळ-संध्याकाळ करायला लागले. प्रेम साबण लावायचा, वाकायचा, वस्तरा फिरवायचा, कंबर धरून उठायचा.

टेंभुर्णीनं मात्र आपापल्या परीनं अर्थ लावले. मक्केला जाऊन आलेला माणूस डोकं भादरून, जमजमचं पवित्र पाणी घेऊन येतो, म्हणून शाहरुखला भर रस्त्यात चाँदबी खालांनी अडवलं. "उमरा करके आया क्या रे? मुबारक हो! आबे-जमजम कहाँ है मेरा?" शाहरुख म्हणाला, खाला, मैं कल भी दुकान पे था. खालांना ते पटलं नाही. हल्ली विमानं फार जल्दी जातात, असं त्यांनी ऐकलं होतं. बुद्धभूषण गुरुजींना विहारातल्या ज्येष्ठांनी गाठलं, श्रामणेर शिबिराला, म्हणजे डोकं भादरून काही दिवस भिक्खू व्हायला, जाऊन आलात हे फार बराबर केलं, आता रविवारी अनुभव सांगा म्हणाले. गुरुजींना खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. शेवटी रविवारी ते 'संयम' या विषयावर पाऊण तास बोलले, आणि लोक म्हणाले, शिबिराचा फरक दिसतो. तुळजाबाईंच्या मुलांना कुणी काही विचारलंच नाही. टक्कल, त्यात मिशीही नाही, हे पाहून अनोळखी माणसं नुसती मान खाली घालून बाजूला व्हायची.

दसऱ्यानंतर राजूरला सामने झाले. टेंभुर्णीचा संघ पहिल्यांदाच शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला आणि समोर आला खुद्द राजूरचा संघ. पेढेवाल्या कप्तानानं ती डोकी पाहिली, बिनमिशांचे दोन भाऊ पाहिले, ही तुळजाबाईंची पोरं एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि त्याचा चेहरा पडला. माणूस मनानं हळवा. तो माईककडं धावला. "टेंभुर्णीच्या खेळाडूंवर दुःखाचा डोंगर कोसळला, तरी ते खेळाया आले. मातोश्रींच्या आत्म्याला शांती लाभावी म्हणून दोन मिनिटं सगळ्यांनी उभं राहावं."

सगळं मैदान उभं राहिलं. लेकरांचा खेळ पाहायला टेम्पोतून आलेल्या तुळजाबाईसुद्धा डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून उभ्या राहिल्या. "कोण गेलं गं बाई?" त्यांनी शेजारणीला हळूच विचारलं. शेजारीण म्हणाली, "कोणाची तरी आई गेली." तुळजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढचा सामना म्हणजे एक मौजच होती. आईविना झालेल्या पोरांना धक्का मारायची राजूरकरांची छाती होईना. तुळजाबाईंचा थोरला चेंडू घेऊन आला की ते वाट सोडून उभे राहत. तो चेंडू प्रेमकडं जाई, आणि प्रेम कडीत टाकी. टेंभुर्णी अकरा गुणांनी जिंकली. कडूबांचा आवाज बसला होता, डोळे वाहत होते. पस्तीस वर्षं दुसऱ्यांना त्यांच्या त्यांच्या गावी पोचवलं, आज कुठं आपण कुठंतरी पोचलो, असं त्यांना वाटलं.

यजमान म्हणून कप देताना पेढेवाला थोरल्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "आई वरून पाहत असंल."

"वरून कशाला? म्या हितंच हाय की!" तुळजाबाई गर्दीतून पुढं आल्या. मग त्यांना उमगलं, मघाशी आपण कोणासाठी रडलो ते. "मेल्यांनो! माय जिती असताना मिशा काढल्या? मला वाटलं फॅशन हाय!"

हसण्याचा असा गदारोळ झाला की माईक शिट्टी मारायला लागला. सगळ्यांसमोर कडूबांना खुलासा करावा लागला. ते खाली मान घालून म्हणाले, "प्रेमचं दुकान चालावं, त्यानं टेंभुर्णी सोडू नये, म्हणून म्याच करायला लावलं." कप हातात दिलेला, परत मागायचा कसा, म्हणून पेढेवालाही हसायला लागला. सगळे हसत होते. प्रेम तेवढा चेंडूवरची खाच नखानं कुरतडत उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबा नेहमीसारखे खुर्चीत जाऊन बसले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. प्रेमनं साबण लावला, वाकला, वस्तरा फिरवायला लागला. काल दिवसभर ओरडून कडूबांना आज बोलवत नव्हतं, त्यामुळं ते पहिल्यांदाच गप्प बसले, आणि गप्प बसल्यामुळं त्यांच्या लक्षात आलं की वस्तऱ्याचा आवाजच येत नाहीये.

"प्रेम, ब्लेड टाकलं न्हाई का?"

प्रेमचा हात थांबला. "काय काढू मामा? काल सकाळी केली, परवा संध्याकाळी केली. कातडं निघंल."

"कधीपासून बिनब्लेडचं करून राह्यला?"

"पोळ्यापासून. दिवसाआड एकदा ब्लेड टाकतो, बाकी नुसता वस्तरा." मग तो हळूच म्हणाला, "तुमी सगळे कशापायी येता ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. पायल म्हणली, सांगून टाका. माझ्यानं सांगवलं न्हाई. तुमी इतक्या हौसेनं बसायचे."

कडूबा आरशात पाहत राहिले. अर्ध्या तोंडाला फेस, आणि मागं कंबरेवर हात ठेवून उभा असलेला प्रेम. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांना वाटत होतं आपण प्रेमला सांभाळतोय, आणि हे पोरगं दोन महिने त्यांनाच सांभाळत होतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही उतारूचं ठिकाण चुकवलं नव्हतं. झोपलेल्याला हलवून उठवायचे, म्हातारीचं गाठोडं खाली द्यायचे, पण ज्याचं ठिकाण आलं त्याला गाडीत ठेवायचे नाहीत. हा एकच उतारू त्यांनी दार अडवून बसवून ठेवला होता.

"राजूरचा गाळा हाय का अजून?"

"हाय. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणला."

"मंग जाय. तुझं ठिकाण आलं, प्रेम."

प्रेमनं कडूबांचं तोंड पुसलं, आणि मग त्याच टॉवेलनं स्वतःचंही.

पाडव्याला टेम्पोत आरसे चढले, फिरती खुर्ची चढली, पायल चढली. अख्खा संघ निरोपाला आला होता; चौघांच्या डोक्यावर नुकते खुंट उगवले होते. टेम्पो काही सुटेना, कारण 'जा' असं कुणालाच म्हणवेना. शेवटी कडूबांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली. डबल बेल. ड्रायव्हरनं गिअर टाकला.

पुढच्या दसऱ्यानंतर राजूरला पुन्हा सामना झाला. टेंभुर्णीचा प्रेमच्या जागेवरचा गडी उंचीनं गुरुजींच्या खांद्याला लागत होता. पंचेचाळीस-आठ असा निकाल लागला. आठ कसे झाले, याचंच टेंभुर्णीला कौतुक.

सामना संपल्यावर कडूबा देवळाजवळच्या गाळ्यात गेले. रांग होती, तरी प्रेमनं त्यांना बोलावून खुर्चीत बसवलं. खुर्चीखाली विटांचा चौथरा बांधून घेतला होता. आता त्याला वाकावं लागत नव्हतं.

"पंचेचाळीसातले तीस तुझे," कडूबा म्हणाले. "काही दयामाया?"

"मी काय करू मामा? तुमीच ओरडत होते, पुढं सरका, पुढं सरका. पाय ऐकत्यात तुमचं. मी सरकलो की कडी येती."

कडूबांना हसू आवरेना. प्रेमनं त्यांची हनुवटी धरली आणि बोटं गालावरून फिरवली. खरखर झाली. सामन्याची तारीख कळल्यापासून, पंधरा दिवस, कडूबांनी दाढीला हात लावला नव्हता.

"वाढवली, मामा?"

"मंग! रिकाम्या हातानं यावं का?"

प्रेमनं नवं ब्लेड काढलं, मधोमध मोडलं आणि अर्धं वस्तऱ्यात बसवलं. पहिला हात फिरला आणि कर्रकन आवाज आला. कडूबांनी डोळे मिटून घेतले.