वाडीची दुपारची खेप

केजच्या पलीकडच्या सहकारी साखर कारखान्यावर उत्तरेश्वर नावाचा एक ड्रायव्हर होता. पाण्याचा टँकर चालवायचा. हंगामात ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्यांवर, त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, पाणी पोचवायचं, एरवी कॉलनीतल्या टाक्या भरायच्या, हे त्याचं काम. माणूस फार बोलका नव्हता, पण दांडी मारणं त्याला माहीत नव्हतं. अंगात ताप असला तरी कानाला गमजा गुंडाळून गाडीवर चढायचा.

सोळा सालच्या उन्हाळ्यात कारखान्याचं धुराडं थंड होतं. सलग दोन पावसाळे कोरडे गेलेले, ऊस जनावरांच्या छावण्यांना गेलेला, गाळायला काही उरलंच नव्हतं. मग संचालक मंडळानं कारखान्याचे टँकर तहसीलला वाड्यावस्त्यांच्या पाण्यासाठी दिले. उत्तरेश्वरच्या वाट्याला टेकवाडी आली. माळावरची छोटी वाडी, रोज दुपारी एक खेप. तेवढ्यावर तिथल्या माणसांचं पिणं आणि रांधणं चालायचं. वाडीच्या विहिरीत तळाला खडक दिसत होता.

त्याच उन्हाळ्यात त्याच्या बायकोच्या, केसरबाईच्या, छातीत गाठ निघाली. निघाली म्हणजे तिला ती दिवाळीपासूनच लागत होती, पण तिनं कुणाला सांगितलं नाही. तिची आई अशाच गाठीनं गेली होती. शेवटी शेवटी आईच्या अंथरुणाजवळ केसरबाईच बसायची, त्यामुळे पुढं काय काय होतं ते तिला ठाऊक होतं. एक दिवस चोळीची गाठ मारताना तिला रडू फुटलं आणि उत्तरेश्वरनं विचारलं, तेव्हा तिनं त्याचा हात धरून तिथं ठेवला. बोराएवढी गाठ होती.

केजच्या एका खासगी दवाखान्यात बाहेरगावचे सर्जन पंधरवड्यातून एकदा येत. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, "गाठ काढू आणि तपासायला पाठवू. सकाळी या, संध्याकाळी घरी जाल. तपासल्याशिवाय मी काहीच सांगणार नाही." तारीख मिळाली. उत्तरेश्वरनं त्या दिवसाची रजा टाकली आणि टँकर धुळाजीकडे दिला. धुळाजी कारखान्यावरचाच ड्रायव्हर, त्याचा जुना दोस्त.

त्या सकाळी केसरबाई उपाशीपोटी दवाखान्यात आली. सिस्टरनं तिला बांगड्या आणि मंगळसूत्र काढायला लावलं, हिरवा झगा दिला. मंगळसूत्र उत्तरेश्वरच्या हातात ठेवताना केसरबाई म्हणाली, "खिशात नका ठिऊ. हातातच धरा." मग त्याची बाही पकडून म्हणाली, "आवो, मला आत नेताना हिथंच ऱ्हा. मी वळून बघनार हाय."

"हाय की मी. कुठं जातोय?"

आणखी तिघं-चौघं त्या दिवशी ऑपरेशनला आलेले. एक हर्नियाचा म्हातारा, एक मांडीवर गळू झालेली बाई. सगळे उपाशी, सगळ्यांचे नातेवाईक भिंतीला टेकून बसलेले. पहिलं ऑपरेशन झालं आणि मग बराच वेळ कुणालाच आत नेईनात. सिस्टर दोनदा वर गच्चीवर जाऊन आली. शेवटी दवाखान्याच्या डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, "टाकी संपली. रात्री येणारा टँकर आलाच नाही. हात धुवायलासुद्धा पाणी उरलेलं नाही. बाकीच्यांना पुढची तारीख देतो."

"पुढली म्हंजी कवा?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"सर पुढच्या खेपेला परगावी आहेत. म्हणजे महिनाभर धरून चाला."

केसरबाई झग्याच्या नाड्या बोटाला गुंडाळत, सोडत बसली. उत्तरेश्वरनं तिच्याकडं बघितलं आणि त्याला सासूचं ते अंथरूण दिसलं. एक महिना. गाठ महिनाभर काय करत बसेल, कुणी सांगावं? तो बाहेरच्या ओट्यावर गेला आणि धुळाजीला फोन लावला.

"कुठं हायस?"

"भरून निघालोय. टेकवाडीचा फाटा आलाच. वैनीचं झालं का?"

"न्हाई झालं. दवाखान्यात पानी न्हाई. गाडी केजला वळव."

पलीकडं ब्रेक दाबल्याचा आवाज आला. मग धुळाजी म्हणाला, "येडा झाला का बे? वाडीवर बाया घागरी मांडून बसल्या असतील."

"दुसरी खेप मार तिथं. घंटाभर इकडं-तिकडं."

"लाइटचा भरवसा हाय का? भरायच्या इहिरीवरची मोटार कवा बंद पडंल, सांगता येत न्हाई."

"धुळा, हिची आई कशानं गेली, तुला ठाव हाय."

"वैनीसाठी तू म्हनशील ते करीन," धुळाजी म्हणाला, "पन ह्यो टँकर माझ्या हातानं वळवनार न्हाई. फाट्यावर उभा ऱ्हातो. न्यायचा तर तूच ये आन् ने."

उत्तरेश्वर आत आला. केसरबाईला म्हणाला, "औषधाचं बघून येतो." तिनं मान हलवली. समोरच्या मेडिकलवाल्याची मोटारसायकल मागून तो निघाला.

फाट्यावर धुळाजी बाभळीच्या तोकड्या सावलीत बसला होता. तो उठला नाही. "चावी गाडीलाच हाय," एवढंच म्हणाला. तिथून टेकवाडी दिसते. माळावर पांढरी घरं आणि त्यांच्या पुढं उन्हात लाल, निळ्या ठिपक्यांची लांब ओळ. घागरीच त्या. उत्तरेश्वर टँकरवर चढला, मान न वळवता गिअर टाकला आणि गाडी केजकडं फिरवली. धुळाजी मोटारसायकल घेऊन मागून आला, पण दवाखान्यापाशी थांबला नाही. मेडिकलवर गाडी लावली, टँकर रिकामा व्हायची वाट बघत रस्त्याच्या पलीकडं उभा राहिला.

पाइप जोडून पाणी टाकीत चढायला लागलं तशी दवाखान्यात धावपळ सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "देवासारखे आलात. कारखान्याचं का?"

"व्हय, कारखान्याचं," उत्तरेश्वर म्हणाला. ते खोटं नव्हतं, म्हणून जास्तच टोचलं. हर्नियाच्या म्हाताऱ्यानं बसल्या जागेवरून त्याला हात जोडले. त्याला ते बघवेना, तो पाइपाकडं वळला. जोड नीट बसला नव्हता, पाणी उडून त्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजली.

पाइप गुंडाळून, टँकर धुळाजीच्या हवाली करून तो आत आला तेव्हा केसरबाईची खाट रिकामी होती. सिस्टर म्हणाली, "आत्ताच नेलं. कुठं होतात तुम्ही? किती वेळ थांबा, थांबा म्हणत होती. दारातून मान वळवून बघत होती."

तो तिथंच खाली बसला. मंगळसूत्र मुठीत धरलेलं होतं, मोटारसायकलवर आणि स्टिअरिंगवरही ते त्यानं सोडलं नव्हतं. मण्यांचे वण तळव्यावर उठले होते. दार मिटलेलं. आतून भांड्यांचा आवाज यायचा, मग काहीच नाही. मध्येच धुळाजीचा फोन आला, "इहिरीवर लाइट गेली. म्या म्हनलो नव्हतो का? चारला येती म्हनतेत."

"वाडीला कळवलं का?"

"कुनाला कळवू? त्यांचा नंबर तुज्याकडं हाय."

उत्तरेश्वरच्या फोनमध्ये टेकवाडीच्या सारजाबाईच्या नातवाचा नंबर होता. त्यानं तो काढला, बघितला आणि लावला नाही. लावून काय सांगायचं?

ऑपरेशन झाल्यावर सर्जननं त्याला बोलावलं. लहान बरणीत, औषधाच्या पाण्यात, गाठ ठेवलेली. "पूर्ण निघाली आहे. ही लॅबमध्ये देऊन या, आठवड्यात कळेल." बरणी अंगाला लावायची की अंगापासून लांब धरायची, त्याला कळेना. बाजारातून, रसवंतीवरून, जीपवाल्यांच्या आरोळ्यांतून तो ती दोन्ही हातांनी धरून गेला आणि लॅबमध्ये देऊन आला.

केसरबाईला शुद्ध आली तेव्हा ओठ सुकलेले. तिनं पाणी मागितलं. सिस्टर म्हणाली, एवढ्यात नाही. उत्तरेश्वरनं ओला कापूस ओठांवरून फिरवला. ती त्याच्याकडं बघत राहिली आणि मग तिची नजर खाली गेली.

"विजार वल्ली कशी झाली?"

त्या उन्हाळ्यात भिजलेली विजार कुणाच्या नजरेतून सुटली नसती.

"पानी आनलं दवाखान्याला," तो म्हणाला.

"कुठलं?"

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, फाट्यावरून घागरी दिसल्या तेही. केसरबाईनं मान भिंतीकडं वळवली. त्याला वाटलं, गुंगीत आहे. पण थोड्या वेळानं ती तशीच भिंतीला म्हणाली, "मला कावून सांगितलं न्हाई? मी उटून घरी गेली असती."

"म्हनूनच न्हाई सांगितलं."

उन्हं उतरायला लागली तसा धुळाजीचा फोन आला, लाइट आली, टँकर भरला, निघतो. टँकर भरायची विहीर केजच्या अलीकडं, तिथून वाडीचा रस्ता केजमधूनच. केसरबाईला तोवर चहा पचला होता आणि डॉक्टरांनी जायला सांगितलं होतं. ती खाटेवर उठून बसली आणि म्हणाली, "धुळाभाऊजीला दारात थांबाय सांगा. आपुन त्याच गाडीत जाऊ."

"केसर, रस्ता कसला हाय? टाके हायेत. जीप करतो मी."

"जीप वाडीवर जात न्हाई."

मग टँकर दारात आला. धुळाजीनं जागा सोडली, उत्तरेश्वर स्टिअरिंगवर बसला. केसरबाई मध्ये, उशी छातीशी धरून. खड्डा आला की तिचा श्वास अडकायचा, आवाज मात्र करायची नाही. फाट्याच्या जरा अलीकडं समोरून एक मोटारसायकल भरधाव गेली. तिच्यावर दोघा गड्यांच्या मध्ये एक तरणी बाई होती, हात लुगड्याच्या तुकड्यानं गळ्याशी बांधलेला. उत्तरेश्वरनं गाडी कडेला घेऊन त्यांना वाट दिली.

दिवस मावळताना टँकर टेकवाडीत शिरला. रोज गाडी दिसली की बायका पळत यायच्या, पाइपासाठी ओढाताण व्हायची. आज कुणी पळालं नाही. सगळ्या घागरींपाशी उभ्या होत्या. सारजाबाई पुढं आली. वाडीत तिचा शब्द चालायचा, घागरींचा नंबर तीच लावायची.

"दुपारची खेप कुठं गेली, उत्तरेसर?"

लाइट नव्हती, असं म्हणता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं. केबिनचं दार उघडं होतं आणि आत केसरबाई बसलेली.

"मी नेली. दवाखान्यात. बायकूचं आपरेशन होतं, तिथं पानी न्हवतं."

बायकांमधून एक आवाज आला, "आन् आमच्या लेकराबाळांनी काय मुतून प्यावं का?" कुणीतरी शिवी दिली. सारजाबाईनं हात वर केला तशा त्या थांबल्या.

"शिवकन्या इहिरीत उतरली," ती म्हणाली. "लेकरू रडायलं म्हून. खडकाच्या कपारीत वाटीभर साचलं होतं. वर येताना पाय सटकला. हाताचं हाड बाहीर आलंय. आत्ताच नेलं तिला."

उत्तरेश्वरनं मघाशी मोटारसायकल गेली त्या रस्त्याकडं बघितलं. धुळाजीनं तोंड फिरवलं.

"तुज्याकडं नंबर हाय आमचा," सारजाबाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं. "एक फोन करायचास. बाबा, असं असं हाय, अर्धं पानी नेऊ का? आमी न्हाई म्हनलो असतो का रे? तुजी बायकू म्हंजी कोन परकी हाय? अर्ध्यात भागवलं असतं आमी. तू इचारलंच न्हाईस."

केबिनमधून केसरबाई उतरायला लागली. धुळाजीनं आधार दिला. ती सारजाबाईपुढं जाऊन उभी राहिली. सारजाबाईनं तिच्या घसरलेल्या पदराकडं, पट्टीकडं बघितलं आणि म्हणाली, "जा, बस जाऊन. उभी नको ऱ्हाऊस." मग बायकांकडं वळून, "लावा गं नंबर."

त्या संध्याकाळी उत्तरेश्वरनं प्रत्येक घागर स्वतः भरून दिली. कुणी त्याच्याशी बोललं नाही.

वाडीची तक्रार कारखान्यावर गेली. चौकशीत त्यानं काहीच नाकारलं नाही. धुळाजीनं अर्धा दोष आपल्यावर घ्यायचा प्रयत्न केला, उत्तरेश्वरनं तो घेऊ दिला नाही. टँकर त्याच्याकडून काढला आणि त्याला गेटवर बसवलं. बंद कारखान्याच्या गेटवर येतंय कोण? तो दिवसभर स्टुलावर बसून राही.

लॅबचा निकाल आठवड्यानं आला. साधी गाठ होती. कॅन्सर नव्हताच. डॉक्टर हसून म्हणाले, "वर्षभर राहिली असती तरी काही झालं नसतं. आता विसरून जा." केसरबाईनं दवाखान्याच्या पायरीवर बसून पदरात तोंड लपवलं आणि खूप रडली, सुटल्यासारखी. उत्तरेश्वर शेजारी उभा होता. वर्षभर, हा एक शब्द त्याच्या डोक्यात बसला. महिना तर सहज निघाला असता. हे त्यानं तिला कधी बोलून दाखवलं नाही, पण तिनंही ते ऐकलंच होतं.

शिवकन्याचा हात जोडला, पण मनगट तिरकं राहिलं. भाकरी थापायला बसली की दुखायचं. केसरबाई टाके निघाल्यावर दोनदा तिच्याकडं गेली. पहिल्या वेळी शिवकन्यानं दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या वेळी आत घेतलं, गूळ-पाणी दिलं, पण बोलली थोडंच. जाताना केसरबाईनं विचारलं, "परत येऊ का?"

"तुमची मर्जी," शिवकन्या म्हणाली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, ऊस आला, गाळप सुरू झालं. कारखान्यानं उत्तरेश्वरला पुन्हा टँकरवर बोलावलं. तो गेला नाही. गेटवरच राहिला.